जुन्या बॅन्जोचा मिडी कंट्रोलर केला: २७ बटणं, पिक आणि प्रो मायक्रो

बोरीकाठ

आमच्या खान्देशात बॅन्जो म्हणजे लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं आणि खाली तारा. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तारांवर पिक मारायची. पुस्तकातलं नाव बुलबुल तरंग. माझे मामा अमळनेर, पारोळा, चोपडा या पट्ट्यात गेली तीस वर्षं बॅन्जो वाजवतात. लग्नं, हळदी, मिरवणुका आणि श्रावणात कानबाई या देवीची रात्र.

गेल्या काही वर्षांत त्यांच्या पार्टीत कीबोर्ड आला. पावरी, सनई, बासरी, सगळे टोन त्यात. बॅन्जो मागे पडला आणि त्याची कारणं खरी आहेत. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की तारा उतरतात, दोन गाण्यांच्या मध्ये मामा खुंट्या पिळत बसतात. तारांचा आवाज उचलणाऱ्या पिकअपमधून जनरेटरची घरघर थेट स्पीकरला जाते. मामांनी कीबोर्ड शिकून पाहिला, दोन महिने रोज बसले. सूर माहीत, गाणं पाठ, पण हात अडायचा. एका हाताने सूर निवडायचा आणि दुसऱ्याने तो वाजवायचा, ही तीस वर्षांची सवय. कीबोर्डवर दोन्ही कामं एकाच बोटाला करावी लागतात. मला म्हणाले, ‘मना हातले हाई पट्टी समजत नही रे.’

मला थोडंफार मायक्रोकंट्रोलरचं काम येतं. मी ठरवलं की मामांचा हात आहे तसाच राहील, त्याच्या खालचं यंत्र बदलू. त्यांचा एक जुना, पोट तडकलेला बॅन्जो घेतला आणि त्याचा मिडी कंट्रोलर केला, म्हणजे कीबोर्डला किंवा फोनला जोडून त्यांचे टोन वाजवायचं साधन. बाहेरून बॅन्जोच दिसतो, आतून तारेऐवजी आकडे निघतात.

आत काय आहे ते सांगतो. मेंदू म्हणून प्रो मायक्रो, म्हणजे एटीमेगा ३२यू४ चिप असलेला छोटा बोर्ड. २७ बटणांसाठी ४ ओळी आणि ७ स्तंभांची जाळी केली, म्हणजे ११ पिनांत काम भागलं. प्रत्येक बटणाला एक १एन ४१४८ डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारा. उजव्या हाताखाली दोनच आखूड तारा ठेवल्या, त्यांच्याखाली जाड कांबळीचा तुकडा घातला म्हणजे त्या स्वतः वाजत नाहीत. घोडीखाली पिझोची चकती, धक्का बसला की वीज देणारी. पिक तारेवरच पडते, त्यामुळे मामांच्या मनगटाला फरक कळत नाही. आघात किती जोराचा ते पिझो सांगतो, सूर कोणता ते बटण सांगतं.

बटणांनी मला सगळ्यात जास्त दमवलं. आधी प्रत्येक बटणाखाली ६ मिलिमीटरचे टॅक्ट स्विच लावले. चालायचे छान, पण दाबताना टक् आवाज, आणि बोटाला एक कडक झटका लागतो. मामांनी पाच मिनिटं वाजवून बाजूला ठेवला. मग भंगारातला एक मोठा कीबोर्ड आणला आणि त्याच्या पट्ट्यांखालचं काळ्या ठिपक्यांचं रबर आणि त्याचाच संपर्काचा बोर्ड असे एकेक ठिपक्याचे तुकडे कापले. २७ तुकडे, प्रत्येकाला दोन बारीक वायरी. दोन रविवार त्यातच गेले. पण रबर मऊ दबतं आणि जुन्या स्प्रिंगसोबत जवळजवळ तारेसारखा भास देतं.

आता प्रोग्राम. ओळ न ओळ देण्यापेक्षा तर्क सांगतो, म्हणजे कुणीही आपल्या वाद्याला लावून घेईल.

खऱ्या बॅन्जोत दोन बटणं एकदम दाबली तर घोडीच्या जवळचं बटण जिंकतं, कारण तार तिथून पुढे आखूड होते. म्हणजे सगळ्यात वरचा सूर. माझी जाळी म्हणून वरच्या बटणापासून खाली वाचली जाते आणि पहिलं दाबलेलं सापडलं की तोच सूर. एकही दाबलेलं नसेल तर मोकळ्या तारेचा सा. ऐकायला सोपं वाटतं, पण एका बटणावरून दुसऱ्यावर जाताना बोट क्षणभर हवेत असतं आणि त्या पोकळीत मोकळ्या तारेचा सा मध्येच टोचायचा. यावर तोडगा असा: बटण दाबलं गेलं की लगेच मान्य करायचं, सुटलं की ३० मिलिसेकंद थांबून मान्य करायचं. दाबण्याचा आणि सुटण्याचा वेग वेगवेगळा धरला की सगळं गुळगुळीत झालं.

पिझोचं वाचन तीन टप्प्यांत. सिग्नल एका उंबरठ्याच्या वर गेला की पुढचे २ मिलिसेकंद त्यातला सर्वांत मोठा आकडा शोधायचा, तो आकडा म्हणजे आघाताचा जोर. मग ३५ मिलिसेकंद कान बंद, कारण लाकूड थरथरत राहतं आणि एका आघाताचे तीन सूर निघतात. कान किती वेळ बंद ठेवायचा ते मामांनाच वाजवायला लावून ठरवलं. फोनवर रेकॉर्ड करून मोजलं तर त्यांच्या सर्वांत जलद ‘झाला’ वादनात सेकंदाला १२ च्या आसपास आघात पडतात, म्हणजे दोन आघातांत ८० मिलिसेकंदांहून जास्त अंतर. ३५ निर्धोक आहे.

आणि एक गोष्ट फक्त बॅन्जोची. मामा एकदाच पिक मारतात आणि तार वाजत असताना बटणं बदलून दोन-तीन सूर काढतात. म्हणून शेवटच्या आघातानंतर ठरावीक वेळात बटण बदललं तर पिक न मारताही नवा सूर पाठवायचा, पण जोर कमी करत न्यायचा. ही चार ओळींची गोष्ट जोडली आणि मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं.

सामान जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलं, दोन-तीन वस्तू मागवाव्या लागल्या. कुणी असं काही केलं असेल तर सांगा. काही अडचणी अजून बाकी आहेत, त्या प्रतिसादात लिहितो.

खापरमांडा

किती सुंदर धागा! मी मूळची चोपड्याची, आता नाशिकला. कानबाईच्या रात्री अंगणात वाजणारा बॅन्जो अजून कानात आहे. वाचनखूण साठवली.

एक अगदी प्राथमिक प्रश्न. या वायरीतून आवाज जातो का? की कीबोर्डला नुसतं ‘हे बटण दाबलं’ असं कळतं?

बोरीकाठ

ताई, प्रश्न मुळावरचाच आहे. आवाज अजिबात जात नाही, निरोप जातो. एका सुराचा निरोप तीन आकड्यांचा. पहिला १४४, याचा अर्थ ‘पहिल्या चॅनलवर सूर सुरू’. दुसरा सुराचा क्रमांक, ० ते १२७ पैकी. ६० म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, ६१ म्हणजे काळी एक, असं एकेक स्वरपट्टी चढत जातं. तिसरा आघाताचा जोर, तोही १२७ पर्यंत. सूर थांबवायचा निरोप १२८ ने सुरू होतो. त्या निरोपावर पावरी वाजवायची की सनई, ते पलीकडचा कीबोर्ड किंवा फोन ठरवतो. त्यामुळेच तार उतरण्याचा प्रश्न राहत नाही: ६० हा आकडा उन्हात ५९ होत नाही.

हे ठरलं १९८३ मध्ये. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानमधल्या रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, आणि त्या वर्षी जानेवारीत वाद्यांच्या एका व्यापारी प्रदर्शनात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर एका वायरीने जोडून वाजवून दाखवले. तेव्हाचे निरोप आजही तसेच चालतात. मामांच्या पार्टीतला कीबोर्ड बराच जुना आहे आणि माझा बोर्ड नवा, तरी दोघांची भाषा एकच.

तपकीर_गल्ली

छान काम. जे वाचून लगेच बोर्ड घ्यायला निघतील त्यांच्यासाठी एक सूचना, कारण माझे यात पैसे आणि पंधरा दिवस गेले आहेत. घरात अर्डुइनो उनो पडलेला असतो म्हणून लोक तोच घेतात. जुन्या उनोतली मुख्य चिप स्वतः यूएसबी बोलत नाही, मध्ये एक दुभाषा चिप असते. मूळ उनोत त्या दुभाष्याला नवं फर्मवेअर देऊन मिडी बोलायला लावता येतं, पण स्वस्त प्रतींमध्ये तिथे सीएच ३४० असते आणि ती बदलता येत नाही. मग संगणकावर मध्ये एक पूल बांधणारा प्रोग्राम चालवावा लागतो, आणि फोनवर तर तेही अवघड. ३२यू४ वाला लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घेतला की तो जोडताक्षणी मिडी यंत्र म्हणून ओळखला जातो. अँड्रॉइड ६ पासून फोनही ओटीजी वायरीने, म्हणजे फोनला यूएसबी यंत्र जोडायच्या वायरीने, ओळखतो. टीन्सी नावाच्या बोर्डावर तर हे सर्वांत सोपं आहे, पण महाग पडतो.

मी आता रास्पबेरी पाय पिको वापरतो. २६ पिना, वेग भरपूर. मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. तो ३.३ व्होल्टचा आहे, ५ व्होल्ट थेट पिनेवर गेले तर पिन जाते. आणि अ‍ॅनालॉग पिना तीनच मोकळ्या मिळतात, खूप नॉब हवे असतील तर ४०५१ किंवा ४०६७ सारखा मल्टिप्लेक्सर, म्हणजे एकाच पिनेवर अनेक नॉब वाचू देणारी चिप, लावावा लागतो.

बोरीकाठ, पिझोला संरक्षण काय दिलंत? जोरात ठोकलं तर ती चकती क्षणभर कित्येक व्होल्ट देते.

बोरीकाठ

पिझोला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर, मग मालिकेत १० किलोओहम आणि पिनेवर ५.१ व्होल्टचा झेनर, म्हणजे त्याहून जास्त व्होल्ट पिनेवर जाऊ न देणारा डायोड. पिकोवर करणाऱ्यांनी झेनरही ३.३ च्या हिशेबाने बदलावा. १ मेगाओहम विसरू नका. तो नसला तर साठलेला भार उतरत नाही आणि आकडा वरच लटकून राहतो.

सिग्नलवाला_भुसावळ

रेल्वेत सिग्नलच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे जाळी आणि डायोड वाचून आनंद झाला. ज्यांना डायोड कशाला असा प्रश्न पडेल त्यांच्यासाठी लिहितो. जाळीत एका चौकोनाचे तीन कोपरे दाबले तर करंट उलटा फिरून चौथा कोपराही दाबल्यासारखा दिसतो. भुतासारखं बटण. साध्या नॉबांच्या डब्यात हे खपून जाईल. पण इथे ‘वरचा सूर जिंकतो’ असा नियम आहे. भुताचं बटण खऱ्या बटणापेक्षा वर निघालं तर वराती समोर भलताच सूर वाजेल. २७ डायोडांचा खर्च चहा-भजीइतका आहे, तो वाचवू नये. दिशा मात्र सगळ्यांची एकच ठेवा, पट्टा कुठल्या बाजूला आहे ते प्रत्येक वेळी बघा.

आता तुमच्या जनरेटरच्या घरघरीबद्दल. मिडीच्या पाच पिनी वायरीत पलीकडच्या यंत्रात ऑप्टोकपलर असतो. करंट आत एक छोटा दिवा लावतो आणि त्या दिव्याकडे बघणारा सेन्सर पुढे निरोप देतो. दोन यंत्रांच्या अर्थिंगचा एकमेकींशी तांब्याने संबंधच येत नाही. आम्हीही वेगळं ठेवण्यासारखं सर्किट वेगळंच ठेवतो. यूएसबीने लॅपटॉप जोडलात आणि तो चार्जरवर असेल तर घरघर परत येऊ शकते. वरातीच्या गाडीवर पाच पिनी वायरच वापरा असं माझं ठाम मत आहे.

मेहरूणची_बोरं

मी जळगावला इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि हा धागा वाचून काल रात्री ब्रेडबोर्डवर चार बटणं लावून बसले! बोरीकाठ काका, दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक, मी जोर मोजताना हलका आघात केला की कधी कधी सूर वाजण्याऐवजी चालू असलेला सूरच बंद होतो. असं का?

दोन, माझा एक नॉब काहीही न करता सतत आकडे पाठवतो. ६३, ६४, ६३, ६४. थांबतच नाही.

बोरीकाठ

पहिल्याचं कारण सापडलं की बरं वाटेल, कारण चूक तुझ्या जोडणीत नाही. मिडीत ‘सूर सुरू, जोर शून्य’ याचा अर्थ ‘सूर बंद’ असाच ठरलेला आहे. तुझा हलका आघात भागाकारात शून्य होत असणार. जोराची किमान मर्यादा १ ठेव. मी तर १२ ठेवली आहे, त्याखालचा सूर गाडीवर ऐकूच येत नाही.

दुसरं: अ‍ॅनालॉग वाचन ० ते १०२३, मिडीला हवेत ० ते १२७, म्हणजे आठने भागायचं. मूळ आकडा दोन घरांच्या सीमेवर बसला की एका अंकाच्या थरथरीनेही तो इकडून तिकडे उडतो. त्यामुळे भागलेला आकडा बदलला म्हणून पाठवू नको. मूळ १०२३ वाला आकडा मागच्या पाठवलेल्यापासून निदान ८ ते १० ने सरकला तरच पाठव. आणि नॉब घेताना ‘बी १० के’ लिहिलेला घे. ‘ए’ वाला आवाजाच्या हिशेबाने वाकवलेला असतो, त्यात अर्ध्या फेरीपर्यंत काहीच होत नाही आणि पुढे एकदम उडी पडते.

तपकीर_गल्ली

त्यातच भर. प्रोग्राममध्ये ‘इतका वेळ थांब’ ही आज्ञा कुठेही वापरू नका. बोर्ड थांबला की तेवढ्यात आलेला आघात हरवतो. घड्याळ बघून ‘इतका वेळ झाला का’ असं प्रत्येक फेरीत विचारायचं. एका अ‍ॅनालॉग वाचनाला प्रो मायक्रोवर साधारण १०० मायक्रोसेकंद लागतात, म्हणून नॉब प्रत्येक फेरीत वाचायची गरज नाही, पिझो मात्र प्रत्येक फेरीत वाचा.

साक्रीकर

धागा आवडला, पण एका शब्दावर थांबलो. कीबोर्डातला ‘पावरी’ टोन.

मी साक्री तालुक्यातला आहे. आमच्याकडे डोंगऱ्या देवाच्या कार्यात पावरी वाजते ती खरी पावरी, भोपळा आणि बांबूची, श्वासावर चालणारी. वाजवणारा सूर सोडत नाही, गाल फुगवून श्वास फिरवत राहतो आणि नाचणाऱ्यांच्या पायाबरोबर सूर फुगतो, बसतो. लग्नात कीबोर्डवर जी पावरी ऐकू येते तिच्यात सूर आहे, श्वास नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची रेघ. तरुण पोरांना आता तीच खरी वाटते याचं वाईट वाटतं.

बोरीकाठ, तुमच्या बॅन्जोतून पावरीचा टोन निघत असेल तर पिक मारून तो कसा वाजवता? पिक मारलेला सूर विझतो, पावरीचा विझत नाही.

बोरीकाठ

साक्रीकर, हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं वाटत होतं. पहिल्या दिवशी हेच झालं. बॅन्जोच्या तर्काने पावरी वाजवली तर प्रत्येक सुराला धक्का बसतो आणि ती पावरी वाटतच नाही.

म्हणून एक खटका लावला, दोन तऱ्हा. बॅन्जोच्या तऱ्हेत पिक हवी. पावरीच्या तऱ्हेत पिक बंद, बटण दाबलं की सूर सुरू, सुटलं की बंद. तिथे एक युक्ती आहे. आधी नवा सूर सुरू करायचा आणि मग जुना बंद करायचा. उलट केलं तर मध्ये फट पडते आणि कीबोर्ड प्रत्येक सूर नव्याने फुंकतो. सूर एकमेकांवर किंचित चढवले आणि कीबोर्डावर टोन एकसुरी केला, म्हणजे एका वेळी एकच सूर, की सूर जोडले जातात.

श्वासाचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. ते मला जमलेलं नाही.

साक्रीकर

मग आपण जमवू. मिडीत त्याची सोय आधीपासून आहे. नियंत्रणाचा निरोप १७६ ने सुरू होतो, पुढे नियंत्रणाचा क्रमांक, पुढे किंमत. क्रमांक २ श्वासासाठीच राखलेला आहे. पण सगळे कीबोर्ड त्याला जागत नाहीत. ११ हा एक्स्प्रेशनचा, म्हणजे सूर फुगवण्या-बसवण्याचा, क्रमांक बहुतेक ठिकाणी चालतो. ७ नंबर आवाजाचा, त्याला हात लावू नका, मिक्सरवाल्याची पातळी बिघडते.

हवेचा दाब मोजणारे छोटे सेन्सर मिळतात. एमपीएक्स ५०१० हा १० किलोपास्कलपर्यंत मोजतो आणि फुंकेला तेवढं पुरतं. तोंडात एक बारीक नळी, तिला बारीक गळती ठेवायची म्हणजे हवा वाहती राहते आणि गाल दुखत नाहीत. सेन्सरचा आकडा ११ नंबरवर पाठवायचा. मामा बॅन्जो वाजवताना तोंड मोकळंच असतं!

मेहरूणची_बोरं

हे भारी आहे. काका, हे करताना फोटो टाका प्लीज.

खापरमांडा

बॅन्जोची बटणं आणि जपान यांचा संबंध आधीपासूनचा आहे हे इथे लिहायला हवं. हे वाद्य जपानी तैशोगोतोवरून आलं. १९१२ मध्ये नागोयात गोरो मोरिता यांनी ते तयार केलं. तिथून समुद्रमार्गे आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढे कुणीतरी त्याला पिकअप लावून वरातीत उभं केलं. आता त्याच्यात मिडी गेलं. वाद्य असंच हाताहातातून बदलत आलंय, त्यामुळे तुमचा बॅन्जो मला अजिबात परका वाटत नाही.

बोरीकाठ

ताई, ही माहिती मामांना वाचून दाखवली. दोनदा वाचायला लावली.

आता मागच्या आठवड्यातला वृत्तान्त. पारोळ्याजवळच्या एका हळदीत पहिल्यांदा बाहेर वाजवला. जे बिघडलं ते सविस्तर लिहितो, कारण घरी टेबलावर यातलं काहीच दिसलं नव्हतं.

पहिलं, यूएसबी. घरी फोनला जोडून चालायचं, म्हणून मी तिथे कीबोर्डच्या मागच्या चौकोनी यूएसबीला जोडायला गेलो. काही नाही. कारण यूएसबीत एक मालक लागतो आणि एक नोकर. कीबोर्ड आणि माझा बोर्ड दोघंही नोकर. मालक म्हणजे संगणक किंवा फोन. सुदैवाने सिग्नलवाला काकांचं ऐकून पाच पिनी सॉकेट आदल्या रात्री लावलं होतं. बोर्डाच्या निरोप पाठवणाऱ्या टीएक्स पिनेतून २२० ओहमने सॉकेटच्या ५ नंबरला, ५ व्होल्टमधून २२० ओहमने ४ नंबरला, मधली २ नंबर ग्राउंडला, आणि सिरियलचा वेग ३१२५०. सॉकेटवरचे क्रमांक सरळ नसतात. कमानीवर १, ४, २, ५, ३ असे येतात, आणि मागून सोल्डर करताना डावं-उजवं उलटं होतं. माझं झालं, मग पिना अदलाबदल केल्या. पिको वापरणाऱ्यांनी २२० ऐवजी ४ नंबरला ३३ आणि ५ नंबरला १० ओहम लावा.

दुसरं, वीज. यूएसबी नाही म्हणजे बोर्डाला वीज कुठून? पॉवर बँक लावली. अर्ध्या मिनिटात बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. पॉवर बँकेला वाटतं की फोन काढून घेतला, कारण बोर्ड फार थोडा करंट घेतो. तिथे एका पाहुण्यांचा जुना चार्जर मागून घेतला आणि गाडीवरच्या जनरेटरला लावला. ऑप्टोकपलरमुळे घरघर आली नाही, काका.

तिसरं आपल्या हवामानाचं. पिझो मी ग्लू गनने चिकटवला होता. दुपारभर बॅन्जो टेम्पोत, बंद काचेआड, बाहेर ऊन. संध्याकाळी काढला तर गोंद मऊ होऊन पिझो घसरलेला आणि जोर निम्म्यावर आलेला. घरी येऊन दोन नळ्यांचा इपॉक्सी लावला. खान्देशात करणाऱ्यांनी ग्लू गन वापरूच नये.

चौथं सर्वांत वाईट. गायिकेने मध्येच पट्टी बदलायला सांगितली, काळी एकवरून पांढरी दोन. मी पट्टी बदलायचं बटण दिलं होतं, मामांनी ते सूर वाजत असतानाच दाबलं. आणि तो सूर थांबेचना. पावरीची तऱ्हा चालू होती, तो ओरडतच राहिला. शेवटी कीबोर्ड बंद करून चालू केला. लोक थांबले होते, मामा माझ्याकडे बघत होते. फार लाज वाटली.

मेहरूणची_बोरं

पट्टी बदलल्यावर बंद करायचा निरोप नव्या क्रमांकाचा गेला असणार ना? सुरू केला ६१, बंद केला ६२. ६१ तसाच वाजत राहिला.

बोरीकाठ

अगदी बरोबर. बंद करताना पट्टीचा हिशेब पुन्हा करायचा नाही, सुरू करताना जो क्रमांक पाठवला तो लक्षात ठेवून तोच बंद करायचा. हे दुरुस्त केलं. शिवाय एक लाल बटण लावलं, ते १२३ नंबरचं नियंत्रण पाठवतं, म्हणजे सगळे सूर बंद. ते कधी लागू नये, पण हाताशी हवं.

सिग्नलवाला_भुसावळ

उत्तम. प्रत्येक यंत्राला एक लाल बटण हवंच.

दाबताना बटणाचा धक्का लाकडातून पिझोपर्यंत जात नाही का? मला तिथे शंका आहे.

बोरीकाठ

जात होता. जोरात बटण दाबलं की पिक न मारता सूर यायचा. घोडी आणि पिझो वेगळ्या फळीवर घेतले आणि ती फळी रबरी चपलेच्या चार तुकड्यांवर बसवली. त्याने बहुतेक गेला. उरलेल्यासाठी बटण दाबल्यानंतरचे ८ मिलिसेकंद उंबरठा दुप्पट ठेवतो. पूर्ण बंद ठेवून पाहिला होता, पण मामा बटण आणि पिक एकदमच मारतात, त्यांचा खरा आघात गिळला जायचा.

त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न अजून आहे. कधी पिक बटणाच्या दोन-चार मिलिसेकंद आधी पडते. मग जुना सूर किंचित वाजून नवा येतो.

तपकीर_गल्ली

जोर मोजायच्या २ मिलिसेकंदांनंतर लगेच पाठवू नका, अजून ३ थांबा आणि मग बटणं वाचा. एकूण ५ झाले. पाच पिनी वायरीवर निरोपातला एक आकडा ३२० मायक्रोसेकंदांत जातो, तीन आकड्यांचा निरोप १ मिलिसेकंदाच्या आत. कीबोर्डाचा स्वतःचा वेळ धरूनही सगळं बोटाला जाणवणार नाही इतक्यात बसेल. मी ड्रम पॅडला १० पर्यंत नेऊन पाहिलं, वाजवणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केली नाही.

बोरीकाठ

५ केलं. मामांना न सांगता. वाजवून म्हणाले, ‘आते बोटले वळख पटनी.’

साक्रीकर, तुमचा सेन्सर आला. बारीक गळतीची नळी, सलाइनच्या नळीचा तुकडा वापरला. ११ नंबरवर पाठवतोय. पहिली फुंक मारल्यावर सूर फुगला आणि बसला, आणि ओसरीवर बसलेली आजी आतून बघायला आली की कोण वाजवतंय. फुंकेचा आकडा थेट पाठवला तर फार नाजूक फुंकेलाच आवाज येतो आणि मग एकदम भरतो, म्हणून खालच्या बाजूला जास्त जागा देणारा वाक ठेवला.

साक्रीकर

रेकॉर्डिंग ऐकलं. अजून खऱ्या पावरीचं नाही, पण श्वास आहे. नाचणाऱ्याला पाय टाकता येईल. पुढच्या खेपेला इकडे आलात तर आमच्या गावच्या पावरीवाल्या बाबांकडे घेऊन जातो, त्यांच्या फुंकेचा आलेख काढा आणि वाक त्यावरून ठरवा.

बोरीकाठ

येतो, नक्की येतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, त्याच्या आधी. त्या रात्री मामांना हाच वाजवायचा आहे.

तोवर एक काम आहे. पट्टी बदलायचं बटण मामांना डाव्या अंगठ्याखाली हवंय, मी ते उजवीकडे लावलंय. त्या जागी आत एक जुनी पितळी पट्टी आहे, तिला भोक पाडावं लागेल. सकाळी ऊन चढायच्या आत ड्रिल घेऊन बसतो. पट्टी तापली नसताना केलेलं बरं.